चोख नकार

मावशींची ख्याती अशी होती की त्यांनी मनात आणलं तर दगडालाही पाझर फुटेल, आणि वर तो दगड त्यांना चहा पाजेल. मोठ्या बाजारातल्या कापडदुकानात त्या काउंटरवर उभ्या राहिल्या, त्या पार केस पांढरे होईपर्यंत. पडद्याचं कापड बघायला आलेलं गिऱ्हाईक पडदे, चादरी, उशांचे अभ्रे आणि घरात टेबल नसताना टेबलावरचं कापड घेऊन बाहेर पडायचं, आणि जाताना "पुन्हा येते हं मावशी" म्हणायचं. त्या खरं तर कुणाच्याच मावशी नव्हत्या, कारण त्यांना बहीणच नव्हती. पण दुकानाच्या मालकापासून कोपऱ्यावरच्या ट्रॅफिक पोलिसापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. मावशी 'पलीकडच्या'. आईवडील कामासाठी नदीपलीकडून या शहरात आले, मावशी इथेच जन्मल्या, इथल्याच शाळेत गेल्या, तरी पलीकडच्या त्या पलीकडच्याच. रंग गडद, नाक बसकं, बोलण्याला एक हेल. पलीकडच्या बाकीच्या बायका दुकानाच्या मागच्या गोदामात गठ्ठे उचलायच्या. मावशी पुढे काउंटरवर आल्या त्या निव्वळ जिभेच्या जोरावर. मालकाच्या आईचे गुडघे, मुलाची परीक्षा आणि बायकोची सर्दी यांची रोज न चुकता चौकशी करून. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि गप्प बसणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्या दिवसातून एकदा तरी ऐकवायच्या.

ऐकवायच्या कुणाला, तर नवऱ्याला. देवानं जोडी लावताना बहुतेक थट्टाच केली होती. नवरा सिटी बसचा ड्रायव्हर, तोंडात मिठाची गुळणी धरूनच जन्मलेला. गाडी कधी ठोकली नाही, पाळी कधी चुकवली नाही, पण आयुष्यभर ड्रायव्हरच राहिला. इन्स्पेक्टरची खुर्ची दर वेळी दुसऱ्यालाच. मावशींकडे याचं उत्तर तयार असायचं. "अहो, जरा हसला असतात साहेबांसमोर, तर कधीच झाला असतात."

आणि लेक गेली बापाच्या वळणावर. ती मोठ्या इस्पितळात नर्स. सलाइन लावताना रोग्याला कळतही नाही इतका हलका हात, पण बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. लग्न झालेलं, पोटात बाळ, आणि नवरा-बायको अजून मावशींच्याच दोन खोल्यांत. घर शहराच्या पार या टोकाला, इस्पितळ त्या टोकाला. सुजलेल्या पायांनी लेक दोन बस बदलून जायची आणि यायची. इस्पितळाच्या आसपास घरं रिकामी असायची, पण ती सगळी मोठ्या चौकातल्या, घरं भाड्यानं देणाऱ्या एकाच कचेरीकडे. तिथे लेक जाऊन आली, जावई जाऊन आला, दोघं मिळून जाऊन आले. उत्तर ठरलेलं: "अरेरे, ते घर कालच गेलं." पुढच्या आठवड्यात त्याच घराची पाटी तशीच लटकलेली.

"तू विचारतेस कशी, ते सांग," मावशी म्हणायच्या. "कपाळाला आठ्या घालून. जरा हसलीस तर दात पडणार आहेत का?"

"आई, मी घर मागायला जाते. सोयरीक जमवायला नाही."

लेक शेवटी उठली आणि समान वागणूक कार्यालयात तक्रार देऊन आली. तिथली अधिकारी म्हणजे जाड चष्म्याची एक तरुण बाई. तिनं सरळ सांगितलं, "तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. एवढ्यावर ते सुटतील. चाचणी घ्यावी लागेल." चाचणी म्हणजे अशी: दोन माणसं घ्यायची, वय सारखं, कमाई सारखी, मागणी सारखी, एक पलीकडचा आणि एक अलीकडचा. दोघांनी वेगवेगळं जाऊन एकच घर मागायचं, खिशात आवाज टिपणारं छोटं यंत्र ठेवायचं. मग दोघांना काय उत्तर मिळालं ते बघायचं. अशी कामं करायला विश्वासू माणसं हवी होती.

मावशींनी हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी केसांना तेल लावून कार्यालयात हजर झाल्या. मनात काय होतं, ते सांगूनच टाकतो. त्यांना लेकीची बाजू सिद्ध करायची नव्हती. लेकीला दाखवून द्यायचं होतं की नीट बोललं की घर मिळतं.

कार्यालय चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. एका खोलीत काही माणसं दिवसभर वर्तमानपत्रं, भाषणं आणि फोनवरचे शेरे चाळत बसायची; देशात कोण कुणाबद्दल काय विष ओकतंय, कुठल्या भिंतीवर काय लिहिलंय, मैदानावर कुठल्या खेळाडूला माकड म्हटलं, सगळं टिपायची. दिवस संपला की त्यांचे चेहरे कारल्याचा रस प्यायल्यासारखे झालेले असत. मावशींनी आल्या आल्या सगळ्यांना हसवलं. दुपारपर्यंत त्यांना कुणी खुर्ची दिली, कुणी बिस्किटं दिली. चष्मेवाली अधिकारी तेवढी जराशी काळजीत पडलेली दिसली.

मावशींच्या जोडीला दिली एक निवृत्त मास्तरीणबाई. गोरीपान, अलीकडची, जन्मभर गणित शिकवलेली आणि बोलण्यात कालच्या पावासारखी कोरडी. नियम तिनं पाठच केले होते. ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचे. जास्त बोलायचं नाही, कमी बोलायचं नाही. अधिकाऱ्यांना सांगेपर्यंत एकमेकींना काही सांगायचं नाही.

सुरुवात लहान कचेऱ्यांपासून झाली आणि मावशींनी मैदान मारलं. जातील तिथे घर. एका दलालानं तर त्यांना स्वतःच्या गाडीतून घर दाखवायला नेलं. मावशी घरी येऊन लेकीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बघ, मिळतं की नाही?" लेक उठून आत गेली आणि पाय उशीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवालीनं मावशींना एकट्यांनाच बोलावलं.

"मावशी, तुमच्या सगळ्या चाचण्यांचा निकाल आलाय. कुठेही भेदभाव नाही."

"मग चांगलंच की."

"जरा ऐका," असं म्हणून तिनं यंत्र चालू केलं.

आधी दलालाचा आवाज आला. "घर ना? ते कालच गेलं हो." मग मावशींचा आवाज, लोण्यासारखा. त्याच्या घशाची चौकशी, आल्याच्या चहाचा सल्ला, त्याच्या टेबलावरच्या फोटोतल्या आईचं कौतुक. दलाल विरघळत गेला. मग तो म्हणाला, "तुमच्यासाठी बघतो काहीतरी, मावशी. काय आहे, पलीकडच्यांना आम्ही देत नाही. कटकट नको. पण तुम्ही काही त्यांच्यासारख्या नाही."

आणि मग मावशींचं हसू ऐकू आलं. "नाही हो," असं त्या म्हणत होत्या. गोड आवाजात.

चष्मेवालीनं यंत्र बंद केलं. "जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असंच आहे. तुम्ही आत जाता आणि दार तुमच्या मागे बंद होतं. हे मी पुरावा म्हणून कुठेही दाखवू शकत नाही. वकील म्हणेल, घर तर दिलं ना?"

मावशी गप्प बसल्या. हे वाक्य त्यांच्याबद्दल लिहायची वेळ फार कमी वेळा आली असेल. त्यांना आठवेना की दलाल असं म्हणाला होता. त्या क्षणी ते कानाला खटकलंसुद्धा नव्हतं. जन्मभर लोक त्यांना हेच म्हणत आले होते आणि त्या ते शाबासकीसारखं पदरात घेत आल्या होत्या. त्यांच्यासारख्या नाही म्हणजे कुणासारख्या नाही? तर गोदामातल्या बायकांसारख्या नाही. नवऱ्यासारख्या नाही. लेकीसारख्या नाही.

घरी आल्या तेव्हा नवरा खिडकीशी बसून बुटाला पॉलिश करत होता.

"अहो, तुम्हाला इन्स्पेक्टर का केलं नाही?"

त्यानं ब्रश थांबवला. "जागा कालच भरली म्हणाले."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, हसला असतात तर मिळाली असती." आणि तो पुन्हा बूट घासायला लागला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मावशींना जास्त लागलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत लाज. इतकी वर्षं ह्या माणसाला दारातून हाकललं गेलं, आणि घरी आल्यावर बायकोनं त्याचीच चूक काढली.

मावशींचा स्वभावच असा की एका टोकावरून सुटल्या की थेट दुसऱ्या टोकाला. पुढच्या चाचणीला त्या गेल्या त्या बाह्या सरसावूनच. दलालानं "बसा" म्हटलं तर म्हणाल्या, "बसायला आले नाही." घर कसं हवं विचारलं तर म्हणाल्या, "भिंती असलेलं." शेवटी त्या माणसानं हात जोडून त्यांना बाहेरची वाट दाखवली. निकाल रद्द. उद्धट माणसाला कुणीही हाकलतं, तो भेदभाव नव्हे.

"तुम्हाला गोड तरी बोलता येतं किंवा तिखट तरी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "साधं बोलायला कुणी शिकवलंच नाही का?"

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

मास्तरीणबाईंनी जरा विचार केला. "मला शिकावं लागलं नाही. मी कशीही बोलले तरी लोक घर देतात."

ह्या बाईबद्दल मावशींचं मत तिथेच बदललं. इतकं खरं त्यांना कुणी फुकटात सांगितलं नव्हतं.

चष्मेवालीनं नियम सैल केला आणि सरावाला परवानगी दिली. सराव मावशींच्या स्वयंपाकघरात. भाड्याच्या कचेरीतला कारकून झाला कोण, तर ड्रायव्हरसाहेब. आणि काय सांगावं, हा माणूस खुर्चीवर असा रुबाबात बसला की जणू पाहिजे ती खुर्ची आता मिळाली. वर्षभरात जेवढं बोलला नसेल तेवढं त्या संध्याकाळी बोलला. "अरेरे, बाई, ते घर कालच गेलं." दर वेळी मावशींच्या ओठावर काहीतरी मऊ यायचंच. कधी "दमलात का?" कधी "शर्ट छान आहे." शर्ट त्यांनीच इस्त्री केलेला. मास्तरीणबाई चमचा आपटायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून.

"तुमच्यासारखं बोलू का?" मावशींनी शेवटी नवऱ्याला विचारलं.

"जमेल?"

"इतकी वर्षं ऐकतेय की. म्हणजे, ऐकू येत नाही तेच."

दारात उभी राहून लेक हे बघत होती. ती हसली. आईकडे बघून ती बऱ्याच दिवसांनी हसली होती.

मोठ्या चौकातल्या कचेरीची पाळी आली. काचेचं दार, गुळगुळीत फरशी, भिंतीवर घरांचे फोटो. इस्पितळाच्या मागच्या गल्लीतलं घर, दोन खोल्या, पूर्वेला गच्ची, अजून फोटोत होतं. टेबलामागे एक तरुण कारकून. मावशी बसल्या. ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारले.

कारकुनानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग समोरच्या यादीकडे पाहिल्यासारखं केलं. "ते घर ना? ते कालच गेलं."

आता खरी परीक्षा होती. कारकुनाच्या मागे लहान मुलाच्या हातचं एक चित्र चिकटवलं होतं. निळा हत्ती, पाच पायांचा. त्याच्या बाहीवर दुधाचा डाग होता, डोळे झोपेअभावी लाल. मावशींना सगळं दिसत होतं. घरी तान्हं बाळ आहे, मोठं पोर चित्रं काढतंय, रात्रभर ह्याला झोप नाही. एक वाक्य. 'पाचवा पाय सोंड असेल, नाही का?' एवढं म्हटलं असतं तर तो हसला असता, चहा आला असता, आणि घर काल गेलेलं आज परत आलं असतं. वाक्य जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. आयुष्यात हे वाक्य गिळण्याइतकं अवघड काम मावशींनी केलं नव्हतं. बाळंतपण सोपं होतं.

"दुसरं काही त्याच भागात?" त्यांनी विचारलं. हा ठरलेला प्रश्न होता.

"सध्या काहीच नाही."

"बरं. धन्यवाद."

मावशी बाहेर पडल्या. कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसल्या. बाकावर आधीच बसलेल्या एका अनोळखी म्हातारबाबांना त्यांनी सांगितलं, "मला आज घर नाकारलं हो," आणि इतक्या आनंदानं सांगितलं की बाबा जरा बाजूला सरकले.

काही वेळानं मास्तरीणबाई त्याच दारातून आत गेल्या. तेच प्रश्न, तेच शब्द, कालच्या पावासारखेच कोरडे. त्यांना किल्ली मिळाली, गच्ची दाखवली, आणि सूर्य कुठून उगवतो तेही सांगितलं. पुढच्या दिवसांत आणखी जोड्या जाऊन आल्या. मावशींसारख्यांना सगळ्यांना तेच उत्तर, मास्तरीणबाईंसारख्यांना सगळ्यांना तीच किल्ली.

सुनावणीला दालन भरलं होतं. लेक पुढच्या रांगेत, पोटावर हात ठेवून. कचेरीचा वकील मोठा हुशार. त्यानं मावशींना उभं केलं आणि हसत विचारलं, "आपण जन्मभर कापड विकलंत. माणसं जिंकण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, असं ऐकलंय."

"लोक म्हणतात."

"मग त्या दिवशी आमच्या अशिलाकडे आपण इतक्या तुटक का वागलात? घर मिळूच नये अशीच इच्छा होती ना?"

दालनात कुजबुज झाली. लेकीनं आईकडे पाहिलं. तिला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची, की आई आता गोड बोलायला लागेल, वकिलाला मधाचं बोट लावेल, आणि सगळं त्याच्या घशात जाईल.

मावशी गोडही बोलल्या नाहीत आणि तिखटही नाही. "साहेब, मी घर मागायला गेले होते. मन जिंकायला नव्हे. ह्या मास्तरीणबाई माझ्यानंतर गेल्या. त्या माझ्याहून एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. हवं तर यंत्र लावा. त्यांनी कुणाचं मन जिंकलं? आम्हालाच का आधी मन जिंकावं लागतं?"

मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "मी आजवर कुणाचंही मन जिंकलेलं नाही." सगळं दालन हसलं, न्यायासनावरच्या बाईंनी हसू दाबलं, आणि वकिलाचा पुढचा प्रश्न त्या हशात कुठेतरी सांडला. लेक मात्र हसत नव्हती. ती आईकडे बघत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

निकाल लागला आणि तो नुसता लागला नाही, दणदणीत लागला. कचेरीनं चूक केली, जाणूनबुजून केली आणि वर्षानुवर्षं केली, असं स्पष्ट शब्दांत वाचून दाखवलं. रिकाम्या घरांची यादी यापुढे दारावर, रस्त्यावरून दिसतील अशी लावायची. कार्यालयाचा माणूस कचेरीत बसून बघणार. ज्यांना नाकारलं त्यांना आधी विचारायचं. ड्रायव्हरसाहेबांनी घरी येऊन एकच शब्द उच्चारला, "झकास." चष्मेवालीच्या कार्यालयात, कारल्याचा रस प्यायलेल्या त्या खोलीत, त्या दिवशी लोक टेबलं बडवत होते. शहरातल्या इतर दलालांनी न सांगता आपापल्या दारावर पाट्या लावल्या. भीती ही भल्याभल्यांना शहाणपण शिकवते, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

लेक इस्पितळाच्या मागच्या गल्लीतलं घर बघायला गेली तेव्हा मावशी सोबत होत्या. न बोलण्याच्या अटीवर. तोच कारकून किल्ल्या घेऊन आला होता, जरा ओशाळलेला, जरा घाबरलेला. मावशींनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मनात त्या हिशेब जुळवत होत्या, की घर मिळालं म्हणून आता ह्याचे आभार कसे मानावेत, ह्याच्या पोरांची चौकशी कशी करावी, लेकीला खुणेनं कसं सांगावं की बाई, आता तरी हस.

लेक दोन्ही खोल्या फिरली. खिडकी उघडून बघितली, बंद करून बघितली. स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "नळ गळतोय. आणि ह्या खिडकीची कडी मोडलीय. हे दुरुस्त करा, मग मी सही करते."

मावशींचा श्वास अडकला. त्यांच्या घरात, त्यांच्या आईच्या घरात, आजवर कुणी भाड्याच्या घराला नावं ठेवली नव्हती. मिळालंय ना, हेच नशीब. गळू दे नळ, खाली बादली ठेवू. त्यांच्या आईनं तर गळक्या छताखालीसुद्धा मालकाला 'देवमाणूस' म्हटलं होतं.

कारकुनानं मान हलवली. "हो ताई. परवापर्यंत करून देतो."

"परवा नको. उद्या. मला सामान हलवायचंय."

"बरं, उद्या."

तो प्लंबरला फोन लावायला जिन्यात गेला. लेकीनं वळून पाहिलं तर आई रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

"आता काय झालं गं तुला? मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "अजून नीट बघ. मोरीचा दरवाजाही घासतोय, तेही सांग त्याला."